राहुकालातली कोलांटी

शुक्रवार, १४ फेब्रुवारी १९३६

पहिली आली ती राजम, शेजारची. हातात वाटी, साखर मागायला म्हणून. पण वाटी पालथीच धरलेली, म्हणजे साखर नको होती, बातमी हवी होती. तिच्यामागून वैद्यांची सून. तिच्यामागून फुलवाली, आणि ती तर आमच्याकडे सकाळीच फुलं देऊन गेलेली.

"खरंच का हो मामी, तुमचा सूर्या विमान विकत घेतोय?"

मी म्हटलं, "घेतोय बाई. आणि साधं नव्हे. हवेत कोलांट्या मारणारं." असं म्हणताना माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं, खोटं कशाला लिहू.

वापरलेलं आहे हे मी आपणहून सांगितलं नाही. राजमने विचारलंच, "नवं का?" मी म्हटलं, "जरा मुरलेलं." लोणचं मुरतं, नवरा मुरतो, मग विमानानेच काय घोडं मारलंय.

सगळ्यांत शेवटी अक्का आल्या. गंगाबाई, माझ्या थोरल्या जाऊबाई. आमची घरं दोन, मधे भिंत एक, पुढे रस्त्याकडेचा लांबच लांब ओटा, म्हणजे तिण्णई, आणि तिण्णईच्या मधोमध वाटण्यांच्या वेळची चुन्याची रेघ. रेघेपलीकडे त्या, अलीकडे आम्ही. अक्का रेघ ओलांडून आल्या, पाय पोटाशी घेऊन बसल्या, पान लावलं, आणि म्हणाल्या, "मला सूर्याने पोंगलालाच सांगितलं होतं. एवढ्यात बोलू नका म्हणाला, म्हणून गप्प होते हो, भागू."

पोंगलाला! म्हणजे महिनाभर ही बाई माझ्या नातवाची गोष्ट पदराखाली झाकून माझ्यासमोर वांगी चिरत होती.

मी सगळ्यांना कापी दिली. अक्कांच्या कापीत दूध कमी घातलं. त्या म्हणाल्या, "वा, आज कशी कडक झालीय." असं आहे त्यांचं. त्यांना दुसऱ्याचा रागही नीट घेता येत नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

ही वही सूर्यानेच दिली. म्हणाला, "आजी, तू दिवसभर बोलतेस त्यातलं थोडं लिहीत जा, आजोबांच्या कानांना विसावा." अक्षरं मला यांनीच शिकवली, लग्नानंतर, तांदळाच्या पिठावर बोटाने. शाळा मी बाहेरूनच पाहिली. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ कुणी मोजू नये.

मोठीचा मान आधी, ही आमच्या घराची रीत. हळदीकुंकू आधी अक्कांना. पंक्तीत पहिलं पान अक्कांचं. लग्न होऊन या घरात आले तेव्हा कावेरीला ओटी भरायला गेलो, तर कावेरीची ओटीसुद्धा त्यांनी आधी भरली. माझा नारळ पाण्यात पडला तोवर कावेरी पुढे निघून गेली होती. मोटार आधी त्यांच्याकडे आली. गाणारी पेटीही त्यांच्याकडे. भिंतीला कान लावला की मला फुकट ऐकू येते, पण ते काही आपलं म्हणता येत नाही.

हे म्हणतात, "भागू, दुसरी इडली मिळते तुला, ती जास्त गरम असते." पुरुषांना काय कळतं.

एक गोष्ट मात्र अक्कांकडे नाही. नातू. त्यांच्या मुली दूर दिल्या, त्यांच्या पोटी मुलीच. सूर्या माझा. सूर्यनारायण. त्याची आई तो रांगत असतानाच गेली, बाप, म्हणजे आमचा रघुपती, रंगूनला नोकरीवर. पोराला मी वाढवलं. आता त्याने पहिलं पाऊल टाकलं ते चुन्याची रेघ ओलांडून अक्कांच्या दिशेने, हे खरं. पण त्या पलीकडून गुळाचा खडा दाखवत होत्या. गुळाने काय, मुंगीही चालते.

मद्रासला इंजिनियरिंग शिकता शिकता तो तिथल्या क्लबात विमान उडवायलाही शिकला. परवाना आहे त्याच्याकडे, फोटोसकट. आता स्वतःचं विमान हवं, आणि तेही उलटंसुलटं होणारं, म्हणजे गावोगावी लोकांना खेळ दाखवता येईल म्हणतो. पैसे रघुपती पाठवतो म्हणाला. पण आमच्याकडे थोरल्या भावोजींनी "हूं" म्हटल्याशिवाय बैलही घेत नाहीत. आणि भावोजींचं "हूं" अक्कांच्या घशातून येतं, हे तंजावरच्या सगळ्या पश्चिम वीथीला, आमच्या अख्ख्या गल्लीला, ठाऊक आहे.

बुधवार, १९ फेब्रुवारी

सूर्या कोइमतूरला गेला होता, तिथे एका गिरणीवाल्याचं विमान विकाऊ होतं. त्याचं कार्ड आलं. कार्डावर नाव भावोजींचं, कारण ते घरातले मोठे. म्हणून कार्ड पडलं त्यांच्या दारात. अक्का रेघेवर येऊन म्हणाल्या, "भागू, ऐक गं," आणि माझ्याच नातवाचं पत्र मलाच वाचून दाखवलं. जणू मला वाचता येत नाही. येतं. सावकाश येतं, पण येतं.

तर, ते विमान नको म्हणतो. वर्षभर छपरीत पडून होतं, उंदरांनी पंखात घर केलंय. मला वाटलं होतं पंख पत्र्याचे असतील. कापडाचे असतात! लाकडाच्या काटक्या आणि वरून ताणलेलं कापड, त्याला कसलंसं रोगण. अक्कांनी आपल्या पदराचं टोक चिमटीत धरून बघितलं. मग म्हणाल्या, "कापड."

मी म्हटलं, "कापडच बरं. हलकं."

मला तरी काय ठाऊक. पण त्या घाबरल्या की मला धीर येतो.

सोमवार, २४ फेब्रुवारी

मिळालं! आनैमलैच्या चहामळ्यावर हॅरिस नावाचा दुरै, म्हणजे गोरा साहेब आहे, त्याचं. सूर्या स्वतः जाऊन बघून आला, बसून आला, उलटा होऊन आला. आनंदाने नुसता फुललाय. रंग पिवळा म्हणे, पंख चंदेरी, दोन बैठकी एकामागे एक, पुढच्या बैठकीत पाहुणा आणि मागच्यात उडवणारा. दुरै त्यातून कोलांट्या मारायचा, त्याला बक्षिसं मिळाली आहेत. आता तो विलायतेला परत चाललाय. मी नाव विचारलं. सूर्या म्हणाला, "मॉथ. म्हणजे दिव्याभोवती फिरतो ना, तो किडा."

असली नावं का ठेवतात हे लोक? गरुड म्हणावं, हंस म्हणावं.

संध्याकाळी भावोजींच्या झोपाळ्यापुढे सगळे जमलो. सूर्याने सगळं सांगितलं. भावोजींनी झोपाळा थांबवला. "गंगा काय म्हणते?"

अक्का अडकित्त्याने सुपारी कातरत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "ज्यात पोर उलटं होणार, त्यात घरातल्या बाईमाणसाने आधी उलटं होऊन बघावं. मी बसेन. मग सांगेन."

भावोजी एवढे हसले की झोपाळ्याच्या कड्या वाजल्या. "या वयात?"

"या वयात नाही तर कुठल्या? पुढच्या वयात काय आहे?"

सगळे हसले. सूर्याने खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला. मी खांबाला टेकून उभी होते. घरातलं बाईमाणूस! म्हणजे त्याच. नातू माझा, आणि आकाशात आधी जाणार त्या. परत येऊन वर्षभर तिण्णईवर बसून सांगणार, "ढग आतून कसे असतात माहितेय का, भागू?"



बुधवार, २६ फेब्रुवारी

मला एक युक्ती सुचली आहे. लिहू की नको? लिहिते, ही वही अक्का थोडीच वाचणार.

दुरै विमान घेऊन वल्लमच्या माळावर उतरणार, आमच्या लोकांना दाखवायला. दिवस ठरला येत्या शुक्रवारनंतरचा शुक्रवार. वेळ मात्र आम्ही कळवायची. आता शुक्रवारी राहुकाल कधी? साडेदहा ते बारा. हे इथे शेंबड्या पोरालाही पाठ असतं. राहुकालात अक्का नव्या परकराचीही घडी मोडत नाहीत. एकदा भावोजींना दातदुखी होती, तर वैद्याला दारात उभं करून ठेवलं राहुकाल संपेपर्यंत. अशा बाई राहुकालात विमानात बसतील? काय बिशाद. आणि दुरै काही बारापर्यंत उन्हात थांबायचा नाही. मग कुणीतरी बसायला हवंच ना. मग कोण उरलं?

सूर्या तार लिहायला बसला तेव्हा मी म्हटलं, "साडेदहाला बोलाव."

टाक धरलेली त्याची बोटं थांबली. "शुक्रवारी? साडेदहाला, आजी?"

"हो. त्या वेळी ऊन चांगलं असतं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग खालचा ओठ दाताखाली धरून म्हणाला, "बरं." पोरगं मद्रासला शिकून पंचांग विसरलंय, हे एक बरं झालं.

मंगळवार, ३ मार्च

सूर्या हल्ली दिवेलागणीला रेघेपलीकडे जाऊन बसतो. आजही बसला होता. डोक्याला डोकं लावून दोघांची कुजबूज, आणि मधेच अक्का तोंडाला पदर लावून हसल्या. मी खाकरले, तर दोघं गप्प. अक्कांनी विचारलं, "शुक्रवारी साडेदहाला ना गं, भागू?"

"हो, अक्का."

"बरं, बरं." एवढंच. राहुकालाचं नावही नाही! मला वाटलं, म्हातारपणी यांना विसर पडायला लागला की काय. जरा वाईटही वाटलं. जरासंच.

मग म्हणाल्या, "वर वारा लागत असेल. तुझी ती जाड काश्मिरी शाल आहे ना, ती काढून ठेव."

बघा. विमान त्यांना, आणि शाल माझी.

गुरुवार, ५ मार्च

आज काहीच नाही. मी गुळाचे अतिरस तळले. पलीकडून मुरुक्कूचा, चकल्यांचा वास आला, म्हणून मी पुन्हा चूल पेटवून चिरोटे केले.

शनिवार, ७ मार्च

काल लिहिता आलं नाही, बोटं टाक धरीनात. आज क्रमाने लिहिते.

मोटारीत जागा होती. हे म्हणाले, "बस की." मी म्हटलं, "जागा आहे, पण ती त्यांची आहे." आणि मी जटका मागवला. हे बिचारे माझ्यामागून चढले. वल्लमचा रस्ता चढाचा, घोडा म्हातारा, धूळ एवढी की माझं पिवळं लुगडं विटकरी झालं. पोचलो तेव्हा सगळं गाव जमलेलं आणि विमान उतरून बसलेलंही. उतरताना पाहायचंही अक्कांनाच मिळालं!

पण काय सांगू. लग्नमांडवात नवरी बसावी तसं ते तांबड्या माळावर बसलं होतं, नाक वर करून. मी सगळं विसरले. माझ्या माहेरी घोड्यांची पारख होती. मी मागून गेले, बाजूने गेले, पोटाखालून वाकून बघितलं. डाव्या पंखाला एका जागी ठिगळ आहे, पण टाके बारीक. सुगरणीने घातलेले.

अक्कांनी विमानाच्या नाकाला कुंकू लावलं. मग मी जाऊन शेपटीला लावलं. शेपटीला कुणी लावत नाही, म्हणजे तिथे मीच पहिली.

हॅरिस दुरै उंच, चेहरा भाजक्या रताळ्यासारखा, सारखा हसणारा. त्याची दुरैसानी बारीक, पांढरी, टोपी घातलेली. अक्कांनी तिला हळदकुंकू दिलं, मग मी. फुलं माळावी तर मागे केस मानेपर्यंतच. मग मी गजरा तिच्या टोपीत खोवला. ती हसली, पण हसू ओठांपर्यंतच.

माझे वडील म्हणत, विकणाऱ्याला का विकतोस ते विचारावं, आणि उत्तर ऐकताना त्याच्या बायकोच्या तोंडाकडे बघावं. मी सूर्याला म्हटलं, "विचार, का विकताय?" दुरै काहीतरी हसत बोलला. मग दुरैसानीच बोलायला लागली. बराच वेळ बोलली, हळू आवाजात, एक हात पोटावर ठेवून, आणि एकदा वर आकाशाकडे बघून डोळे मिटले. सूर्याने मला सांगितलं, "विलायतेला जाणार आहेत म्हणून, आजी."

एवढ्या लांब बोलण्याचं एवढंसं मराठी. इंग्रजी भाषाच पसरट.

आता मुख्य गोष्ट. दुरैने हात पुढे करून विचारलं, कोण बसणार? सगळे अक्कांकडे बघायला लागले. मी पायाच्या अंगठ्याकडे. अक्का सावकाश म्हणाल्या, "अय्यो, राहुकाल लागला की. मी कशी चढू?" आणि लगेच, "भागू बसेल."

भावोजी म्हणाले, "तिला राहुकाल नाही का?"

अक्का म्हणाल्या, "धाकटीला थोडा कमी लागतो."

सगळा माळ हसला. मला चेष्टा कळली, पण तोवर माझा पाय विमानाच्या पायरीवर होता. पंखावर जिथे काळी पट्टी आहे तिथेच पाय ठेवायचा, नाहीतर पाय कापडातून खाली. अक्का मोटारीतून एक पुडकं घेऊन आल्या. कानात घालायला कापूस, चघळायला आल्याचा तुकडा, आणि लुगड्याचे काठ घोट्यांशी बांधायला दोन नाड्या. स्वतःच्या हाताने त्यांनी माझे घोटे बांधले, आणि माझीच शाल माझ्याभोवती गुंडाळली. हे सगळं स्वतःसाठी आणलेलं असणार, आता वाया जाऊ नये म्हणून मला दिलं. मी मनात म्हटलं, हरल्या बिचाऱ्या. जिंकल्याचा एवढा आनंद मला रघुपती झाला तेव्हाही झाला नव्हता.

डोक्याला चामड्याची टोपी, डोळ्यांना काचा, तोंडाशी एक नळी. नळीत बोललं की मागच्याला ऐकू जातं. पट्टे असे आवळले की सकाळची इडली कुठे आहे ते नेमकं कळलं. सूर्याने पंखा फिरवला, यंत्र खोकलं, मग गर्जलं, आणि माळ मागे पळायला लागला. मग धक्के थांबले. एवढंच. वर गेल्याचं कळतच नाही, फक्त धक्के थांबतात.

माझे आई! काय ते दिसणं. मोठ्या देवळाचं गोपुर वरून एवढंसं, हळदीकुंकवाच्या करंड्यासारखं. शेतं म्हणजे सुकायला घातलेले पापड. नवा कालवा सरळ, आणि नद्या आपल्या वेड्यावाकड्या, कुणाचं न ऐकणाऱ्या. दुरै तंजावरवरून घेऊन गेला. मी आमचं घर शोधलं. पश्चिम वीथी सापडली, आमचं छप्पर सापडलं, पण माझं कुठलं आणि अक्कांचं कुठलं ते काही केल्या कळेना. वरून एकच लांब छप्पर दिसतं. रेघ कुठे दिसतच नाही. मी फार हसले. एकटीच.

मग नळीतून दुरैचा आवाज आला, मी "यस, यस" म्हटलं. सूर्याने तेवढंच शिकवलं होतं. विमानाने नाक खाली घातलं. विहिरीत पडल्यासारखं. तारा शिट्ट्या मारायला लागल्या. मग कुणीतरी मला वरून दाबलं, मान छातीत, गाल खांद्यावर, आणि माझ्या डोक्यावर पृथ्वी आली. आणि तिथे, अगदी वर, यंत्राचा आवाज गेला. सगळं गप्प. पट्ट्यांत लोंबकळतेय आणि काही ऐकू येत नाही. तेव्हा मला वाटलं, सूर्या इथे असा एकटाच असेल. रोज. मी त्या नळीत काहीतरी जोरात ओरडले, काय ते आठवत नाही. देवाचं नाव असणार. मग यंत्र पुन्हा बोललं आणि पृथ्वी आपल्या जागेवर गेली.

विमान जमिनीला टेकलं. सूर्या धावत आला, मला वाटलं माझ्याकडे. तो गेला विमानाच्या नाकाकडे, तिथे हात ठेवून कान लावून उभा राहिला. मला उतरवलं ते यांनी आणि भावोजींनी. माझ्याकडे बघण्याआधी त्याने तिच्याकडे बघितलं. विमान मी आता तिलाच म्हणते. नातसून यायच्या आधीच ही आली.

आणि वर्मावर घाव असा की, दुरैने खाली उतरल्याबरोबर सूर्याला पहिला प्रश्न काय विचारला? सगळ्या इंग्रजीत मला एकच शब्द कळला: "अक्का". अक्का म्हणजे कोण, काय, असलंच काहीतरी विचारत होता! वर गेले मी, उलटी झाले मी, आणि चौकशी अक्कांची! सूर्याने अक्कांकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं. अक्का पाठमोऱ्या झाल्या आणि पदराने डोळे पुसत मुरुक्कूचा डबा उघडायला लागल्या. मी सूर्याला विचारलं तर म्हणतो, "काही नाही गं, आजी."

दुरैसानीने येऊन माझा हात धरला. तिचा हात माझ्याहून गार. ती तर सगळा वेळ जमिनीवर उभी होती.

सगळ्यांनी विचारलं, कसं होतं? मी म्हटलं, "झोपाळ्यासारखं." दुरैने दोन्ही घरचं खाल्लं. अतिरस तीन आणि मुरुक्कू पाच, पण अतिरस मोठे असतात. मग ते त्रिचीला उडून गेले. जवाब ऐकायला परत येतो म्हणाले.

रविवार, ८ मार्च

आज सकाळी अक्कांनी तिण्णईवर हाक मारली. सूर्या झोपाळ्यावर वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसलेला, एक पान उलटत नव्हता.

अक्का म्हणाल्या, "भागू, हे विचारताहेत. काय सांगू?"

"तुम्ही सांगणार होतात ना?"

"मी कुठे बसले? तू बसलीस. आता तू म्हणशील तेच मी यांना सांगणार. हो तर हो, नाही तर नाही. माझा शब्द मधे नाही."

आयुष्यभर मी या वाक्याची वाट पाहिली. आता ते आलं. हो म्हणावं, तर ते ठिगळ डोळ्यासमोर येतं, तो आवाज गेलेला, ती गार हाताची पोरगी. नाही म्हणावं, तर तिकडे वर्तमानपत्र थरथरतंय. उद्या काही बरंवाईट झालं तर म्हणतील, भागूने सांगितलं होतं. आणि नाही म्हणून तो जन्मभर जमिनीवरून चालला, तरी भागूनेच. पहिल्या शब्दाला एवढं वजन असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मला वाटायचं, मोठीला नुसतं कुंकू आधी मिळतं.

मी रेघ ओलांडून त्यांच्याजवळ जाऊन बसले. हळू म्हटलं, "अक्का, मी झोपाळ्यासारखं म्हटलं ते खोटं."

"ते कळलं मला. तुझे ओठ निळे होते. भ्यालीस?"

"फार."

"आणि आवडलं?"

"फार."

अक्कांनी पान लावायला घेतलं. मग म्हणाल्या, "मग गं?"

"मला एकटीला नाही सांगता येत. तुम्ही बसून या. मग दोघी मिळून काय ते सांगू. हो झालं तर दोघींचं, नाही झालं तर दोघींचं. आणि साडेदहा-बिडेदहा काही नको. सकाळी आठला बोलावते, स्वच्छ वेळ."

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. त्या हसतील असं वाटलं, पण हसल्या नाहीत. त्यांनी आपलं लावलेलं पान अर्धं तोडून मला दिलं. तोडताना सुपारी मांडीवर सांडली, ती त्यांनी उचललीही नाही. पासष्टी उलटलीय बाईची. मला आधी सुचलंच नाही की त्यांनाही भीती असेल.

"शाल देशील?" म्हणाल्या.

"देईन. कापूसही देईन."

सूर्याने वर्तमानपत्र खाली केलं. डोळे लाल. "आजी, तू नाही म्हटलंस तरी मी ऐकेन." मी म्हटलं, "गप बस, मोठी माणसं बोलताहेत. जा, तार कर दुरैला."

तो चप्पल घालत होता तेवढ्यात मी त्याच्यामागे दारापर्यंत गेले आणि कानात सांगितलं, तारेत एवढं नीट घाल: थोरल्या बाईंना कोलांटी एकच मारायची. दोन नाही. मला एकच मारली.

दुपारी उलट तार आली. बुधवारी सकाळी येतात.